फिंच पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न: तब्येत, आजार आणि ‘अचानक’ मृत्यू

फिंच म्हणजे पिंजऱ्यात पाळले जाणारे, दाणे खाणारे छोटे पक्षी. त्यांपैकी झेब्रा फिंच, बेंगालीज, गोल्डियन आणि जावा स्पॅरो पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक संदेश ‘काल तर चांगला होता’ असेच सुरू होतात, म्हणून तोच प्रश्न पहिला घेतला आहे. औषधांची मात्रा मुद्दाम कुठेच दिलेली नाही. बारा-पंधरा ग्रॅमच्या जीवाला एक थेंब जास्त झाला तरी तो जाऊ शकतो. मात्रा वजन करून पशुवैद्यानेच ठरवायची.

१. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता, सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडला. एका रात्रीत असं कसं होतं?

बहुतेक वेळा ते एका रात्रीत झालेलंच नसतं. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून फिंच आजार शेवटपर्यंत दडवतो. तुम्ही पिंजऱ्याजवळ गेलात की पिसं आवळून ताठ बसेल, भांड्यात चोच घालून दाणे टिपल्यासारखंही करेल. आतून मात्र तो चार-आठ दिवस झिजत असतो. झेब्रा फिंचचं वजन १२ ते १५ ग्रॅम. त्यातले दोन ग्रॅम गेले तरी वरून काही कळत नाही, कारण पिसं सगळं झाकतात. रात्री दहा-बारा तास तो काही खात नाही. अंगातला साठा आधीच संपलेला असेल तर तेवढी रात्रही निभत नाही. मृत्यू पहाटे सापडतात ते यामुळे.

खरोखर काही मिनिटांत किंवा तासांत जीव घेणारी कारणं मोजकी आहेत: विषारी धूर (प्र. ८), ऊन (प्र. ९), अंडं अडकणं (प्र. १२), रात्रीची घाबरगुंडी (प्र. १४) आणि उंदीर, मांजर, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी). यांपैकी काही घडलेलं नसेल तर मागच्या आठवड्यात आपल्या नजरेतून काय सुटलं, ते शोधायला हवं.

२. मग आजारी आहे हे वेळेत ओळखायचं कसं?

लांबून बघायचं. पिंजऱ्यापासून आठ-दहा फुटांवर, हालचाल न करता पाच-दहा मिनिटं बसा. तुम्ही आहात हे पक्षी विसरले की खरं चित्र दिसतं. दुपारच्या वेळी एखादा पिसं फुगवून गोळा होऊन बसलाय, इतर उडत असताना हा डुलक्या काढतोय, दांडी सोडून तळाशी बसतोय, श्वासागणिक शेपूट वर-खाली होतेय, नर गायचा थांबलाय: यातलं एकही दिसलं तर तो आजारी आहे असंच धरून चाला. निरोगी फिंच झोपतानाही फुगतो, एक पाय पोटात घेतो. तो प्रकार वेगळा. दोन्ही पाय दांडीवर रोवून, डोळे अर्धे मिटून फुगलेला पक्षी वेगळा दिसतो आणि एकदा पाहिला की ओळखता येतो.

दुसरी खूण विष्ठेत. तळाला पांढरा कागद घाला. नीट विष्ठेत गडद घट्ट भाग, त्यावर पांढरा ठिपका आणि थोडं स्वच्छ पाणी असतं. गडद भाग नाहीसा होऊन नुसतं हिरवट पाणी पडत असेल तर पक्षी खात नाहीये. न पचलेले दाणे दिसत असतील तर जठरातल्या यीस्टच्या संसर्गाची शंका घ्यायची आणि विष्ठेचा नमुना तपासायला न्यायचा.

तिसरी खूण वजन. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवा, महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा. पक्षी हातात आलाच आहे तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं लागलं तर दुखणं जुनं आहे.

३. विकत घेताना काय बघू?

दुकानात गेल्या गेल्या पिंजऱ्यात हात घालायला सांगू नका. आधी प्र. २ मध्ये सांगितलं तसं लांबून बघा. शेपटीखालची पिसं कोरडी आणि स्वच्छ हवीत, नाकपुड्या मोकळ्या हव्यात. एका पिंजऱ्यात पन्नास कोंबलेले असतील आणि त्यात दोन फुगून बसलेले असतील, तर उरलेल्या अठ्ठेचाळिसांतला देखणा निवडूनही उपयोग नाही.

झेब्रा फिंचची चोच काळी असेल तर ते पिल्लू आहे. पिल्लं साधारण पाच आठवड्यांनी स्वतः खायला लागतात, चोच नारिंगी व्हायला दोन-अडीच महिने लागतात. काळ्या चोचीचा पक्षी स्वस्त मिळतो आणि सगळ्यात जास्त तेच दगावतात. पूर्ण रंगलेल्या चोचीचाच घ्या.

४. दुकानदार म्हणतो लाल मुनिया म्हणजे फिंचच. घेतली तर काय बिघडलं?

कुळ एकच, पण कायद्याने गुन्हा. लाल मुनिया, ठिपक्यांची मुनिया हे आपल्या रानातले पक्षी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांना पकडणं, विकणं, बाळगणं यावर बंदी आहे. पुलाखाली किंवा आठवडी बाजारात मिळणारे हिरव्या-गुलाबी रंगाचे ‘कलर’ पक्षी म्हणजे बहुधा रंगात बुडवलेल्या देशी मुनियाच. जाळ्यात धरलेल्या, रंगवलेल्या, दाटीवाटीत प्रवास केलेल्या. त्यांना दया येऊन विकत घेणं म्हणजे पुढच्या जाळ्याचे पैसे भरणं.

झेब्रा फिंच आणि गोल्डियन मूळचे ऑस्ट्रेलियातले, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. बेंगालीज जपानमध्ये माणसाने घडवलेला. त्याचा पूर्वज पांढऱ्या पाठीची मुनिया. जावा स्पॅरोचं मात्र लक्षात ठेवा: तो साइटिस कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. विकत घेताना पावती मागा.

५. नवीन आणलेली जोडी आठवड्याच्या आत गेली. पिंजरा, दाणे सगळं नवीन होतं. चुकलं कुठे?

पहिला आठवडा सगळ्यात अवघड असतो. दुकानातली दाटी, खोक्यातला प्रवास, अनोळखी घर, आणि त्यात दाण्याचं भांडं कुठे आहे तेच सापडत नाही. पहिले तीन-चार दिवस दुकानात खात होते तेच दाणे द्या, भांड्यात आणि तळाच्या कागदावरही पसरा. पाणी बाटलीऐवजी उघड्या उथळ वाटीत ठेवा. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका, मुलांना दोन दिवस लांब ठेवा. संध्याकाळी आणला असेल तर त्या दिवशी दिवा थोडा उशिरापर्यंत चालू ठेवा, म्हणजे पोटात काही जाईल.

पिंजरा नवा कोरा जस्ताच्या तारेचा असेल तर आधी व्हिनेगरने घासून, धुऊन, उन्हात वाळवा. तारेवरची पांढरी भुकटी आणि लोंबणारे जस्ताचे कण चोचीतून पोटात गेले तर विषबाधा होते.

घरात आधीचे पक्षी असतील तर नव्यांना महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. एकाच खोलीत दोन पिंजरे म्हणजे विलगीकरण नव्हे. आधी जुन्यांचं दाणापाणी उरका, मग नव्यांचं, आणि हात धुवा.

६. रोज खायला काय काय द्यायचं?

पायाभूत खाणं बारीक दाण्यांचं मिश्रण: राळं (दुकानात कांगणी नावाने मिळतं), बारीक बाजरी, सालासकट वरी, मिळाल्यास कॅनरी सीड. एका पक्ष्याला दिवसाला चहाचा एक चमचा पुरतो. नुसत्या दाण्यावर पक्षी जगतो, पण कसाबसा. दाण्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व फार कमी. म्हणून रोज कोथिंबीर, पालक किंवा मेथीची दोन पानं द्या, फवारणीचा अंश जाईल इतकी भरपूर पाण्यात धुऊन. आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं किसून द्या आणि दोन तासांत उरलेलं काढून टाका. एक तुकडा समुद्रफेस (कटलफिशचं कॅल्शियमने भरलेलं कवच) कायम लटकलेला असू द्या. तो नसेल तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, चुरून ठेवा. फुकटात काम होतं.

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि खारवलेलं काहीही नको. फरसाण देणारे लोक आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

७. भांडं भरलेलं होतं, तरी डॉक्टर म्हणाले उपासमारीने गेला. हे शक्य आहे?

हो, आणि ही घटना वाटते त्यापेक्षा खूप घडते. फिंच दाणा सोलून खातो आणि साल तिथेच टाकतो. दोन दिवसांत वर सालांचा थर साचतो. लांबून भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं, खाली दाणे संपलेले असतात किंवा पक्षी खालपर्यंत पोचत नाही. एवढ्या छोट्या जीवाची भट्टी सतत पेटती असते, एक दिवस उपाशी राहिला तरी मरू शकतो. रोज सकाळी भांड्यावर फुंकर मारा, सालं उडवा, मगच भर घाला. पाण्याच्या नळीचंही तेच: पाणी दिसतंय पण खाली हवेचा बुडबुडा अडकून येत नाहीये, असं होतं. बोट लावून बघा.

दाणे अचानक संपले आणि दुकान बंद असेल तर उपवासाची भगर एक-दोन दिवस चालते.

८. पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात आहे. धुराने खरंच काही होतं का?

पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि शरीरभर हवेच्या पिशव्या असतात. या रचनेमुळे तो प्राणवायू भराभर घेतो, आणि विषही तितक्याच वेगाने. सगळ्यात घातक म्हणजे नॉनस्टिक भांडं. रिकामा तवा गॅसवर विसरला आणि तापमान २६० अंशांच्या वर गेलं की त्या थरातून वास नसलेला विषारी वायू निघतो. माणसाला फार तर डोकं जड वाटतं, पक्षी मात्र काही मिनिटांत धापा टाकत खाली कोसळतो. फुप्फुसात रक्तस्राव होतो, त्यावर इलाज नाही. घरात फिंच असतील तर डोशाचा तवा बिडाचा किंवा लोखंडी घ्या. डोसाही चांगला होतो.

त्याखालोखाल डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, कीटकनाशकाचा फवारा, रंगकाम, पॉलिश, मिरचीच्या फोडणीचा ठसका. डासांसाठी पिंजऱ्यालाच मच्छरदाणीचं कापड शिवा; देवीचा रोग (पॉक्स) डासांमार्फत पसरतो, त्यामुळे दुहेरी फायदा. पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम असेल तर पक्ष्यांना आधीच दुसऱ्या घरी पोचवा आणि वास पूर्ण गेल्यावर आणा. ‘हर्बल आहे, सुरक्षित आहे’ असं कामगार सांगतील. ते माणसांबद्दल बोलत असतात.

९. आमच्याकडे नागपूरला मे महिन्यात ४५ अंश होतं. झेब्रा फिंच वाळवंटातला पक्षी आहे ना, त्याला चालत असेल?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात तो राहतो खरा, पण तिथे दुपारी झाडाच्या सावलीत जाऊन बसतो आणि पाणवठ्यावर पाणी पितो. पत्र्याखालच्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात त्याला जायला जागाच नसते. चोच उघडी ठेवून धापा टाकणं, पंख अंगापासून लांब धरणं ही धोक्याची खूण आहे. त्यानंतर फार वेळ उरत नाही.

पिंजरा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदला, नळीतलं पाणी दुपारी चहाइतकं तापतं. अंघोळीला उथळ ताटली द्या. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा, एक बाजू कोरडी ठेवा. कूलर चालेल, झोत थेट अंगावर नको. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गोणपाटाचा उपयोग नाही. तिथे खेळती हवा महत्त्वाची. एखादा कोसळलाच तर साध्या पाण्याने त्याचे पाय आणि पंखाखालचा भाग ओला करा, थंड जागी ठेवा. बर्फाचं पाणी ओतू नका, त्या धक्क्यानेच जाईल.

१०. पावसाळ्यातच पक्षी जास्त मरतात असं का वाटतं?

कारण दाणे ओले होतात. दमट दाण्यावर बुरशी धरते. तिचे कण श्वासातून जाऊन फुप्फुसाचा आजार होतो आणि काही बुरशांचं विष यकृतावर जातं. वास घेऊन बघा, कुबट आला तर फेकून द्या. धुऊन, वाळवून वाचवायला जाऊ नका, विष राहतंच. जूनपूर्वी दाणे कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात भरा, महिनाभर पुरतील एवढेच घ्या. दाणे जुने आहेत का हे कळायला चमचाभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना मोड आले तर ते जिवंत आहेत. ते मोड धुऊन पक्ष्यांना द्या, आवडीने खातात.

तळाचा कागद या दिवसांत रोज बदला. आठवडाभर साचलेल्या ओल्या विष्ठेत कॉक्सिडिया हा आतड्याचा परजीवी फोफावतो.

११. थंडीत दिवा लावावा का?

पुण्या-नाशकाकडच्या थंडीला निरोगी मोठा झेब्रा फिंच टिकतो, गोल्डियन कमी टिकतो. वारा अडवा, रात्री तीन बाजूंनी कापड टाका. दिव्याची गरज आजाऱ्याला आणि अंडी घालणाऱ्या मादीला असते.

१२. मादी फुगून तळाशी बसलीय, शेपूट हलवतेय, उडत नाही. आदल्या दिवशी अंडं घातलं होतं.

हे वाचत असाल तर आधी तिला उबेत ठेवा, मग पुढे वाचा. अंडं अडकलं असण्याची शक्यता मोठी आहे आणि हातात काही तासच आहेत. छोट्या खोक्यात ३० ते ३२ अंश ऊब द्या, आत गरम पाण्याची वाटी जाळीखाली ठेवून हवा दमट ठेवा, अंधार करा. द्रवरूप कॅल्शियम असेल तर थेंबभर चोचीच्या कडेला लावा, ती स्वतः चाटेल. पुष्कळदा एवढ्यावर दोन-तीन तासांत अंडं पडतं. नाही पडलं तर पशुवैद्याकडे. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका. ते आत फुटलं की मादी वाचत नाही. तेल घालायचा सल्लाही सर्रास दिला जातो. अंडं आडवं असेल तर तेलाने काही होत नाही, उलट पिसं माखतात आणि अंग गार पडतं.

हे का होतं: कॅल्शियम कमी, ऊन मिळत नाही, मादी सहा महिन्यांच्या आतली, कडाक्याची थंडी, किंवा पाठोपाठ वीण. काचेतून येणाऱ्या उन्हातून ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण काच त्यासाठी लागणारे किरण अडवते. सकाळी अर्धा तास पिंजरा थेट कोवळ्या उन्हात ठेवा, अर्ध्या भागावर सावली ठेवून.

१३. माझी जोडी बारा महिने अंडी घालते. चांगलंच आहे ना?

नाही. झेब्रा फिंचला घरटं दिसलं की तो थांबत नाही, आणि मादी त्यात संपते. वर्षाला दोन, फार तर तीन विणी पुरेत. मग घरट्याचं मडकं आणि काथ्या दोन्ही काढून टाका, अंड्याचं खाद्य बंद करा. तरीही दाण्याच्या भांड्यात अंडी घालू लागली तर नर-मादी काही महिने वेगळे ठेवा. घरट्यासाठी काथ्या द्याल तेव्हा बोटभरापेक्षा लांब धागे कापून टाका. शिवणाचा दोरा, केस, कापूस यांत पिल्लांचे पाय गुंडाळले जातात आणि पाय काळा पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

१४. रात्री अचानक धडपड ऐकू आली, सकाळी एक मेलेला आणि बाकीचे भेदरलेले. कुणी आत शिरलं नव्हतं.

आत शिरायची गरज नसते. अंधारात पाल जाळीवरून गेली, उंदराने तार कुरतडली, मांजराची सावली पडली, फटाका फुटला, की सगळे एकदम उडतात आणि जाळीवर आपटतात. मान किंवा डोक्याला मार बसतो. शून्य वॅटचा मंद दिवा लांबवर ठेवा, म्हणजे निदान परत दांडी सापडते. दिवाळीचे चार दिवस पिंजरा आतल्या खोलीत, खिडकी बंद करून.

पिंजरा जमिनीवर नको, भिंतीला एक बाजू टेकलेली हवी. तारांमधलं अंतर १ ते १.२ सेंटीमीटर, लव्हबर्डच्या पिंजऱ्यातून फिंच डोकं बाहेर काढतो आणि उंदीर आत येतो. गॅलरीत दिवसा शिक्रा येतो. तो जाळीला लटकून घाबरवतो आणि बाहेर आलेला पाय किंवा पंख ओढतो. शहरात शिक्रे नाहीत असं समजू नका.

१५. नराचा आवाज बसलाय, श्वासात बारीक टिकटिक ऐकू येते.

श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहणारे माइट (अगदी बारीक परजीवी किडे) असू शकतात. गोल्डियनमध्ये हे विशेष आढळतं. पक्षी चोच पुसत राहतो, उघड्या तोंडाने श्वास घेतो, गाणं थांबतं. रात्री शांततेत पिंजऱ्याजवळ कान नेला तर आवाज नीट कळतो. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाने बरं होतं, पण गुरांसाठी मिळणारं औषध अंदाजाने पातळ करून लावणं धोक्याचं आहे. उपचार पिंजऱ्यातल्या सगळ्यांचा करावा लागतो. हाच आवाज बुरशीच्या आजारातही येतो (प्र. १०), म्हणून तपासणी आधी.

१६. पक्षी दिवसा ठीक वाटतात, पण पिल्लं एकेक करून फिकी पडून मरतायत.

लाल माइट बघा. ते पक्ष्याच्या अंगावर राहत नाहीत. दिवसा दांडीच्या टोकाशी, लाकडी घरट्याच्या फटीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. पिल्लांच्या अंगात रक्त असतंच किती. रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका आणि पहाटे अंधारात बॅटरी लावून बघा: राखाडी-लाल ठिपके हलताना दिसले तर तेच. लाकडी घरटं जाळून टाका, पिंजरा उकळत्या पाण्याने धुवा, सांधे ब्रशने घासा, आठवड्याने पुन्हा करा.

१७. बेंगालीज, गोल्डियन, लव्हबर्ड सगळे एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवले तर?

लव्हबर्ड आणि बजरीगर नकोतच. त्यांच्या एका चाव्यात फिंचचा पाय जातो. झेब्रा आणि बेंगालीज जागा असेल तर जमतात. बेंगालीज आणि गोल्डियनची गोष्ट नाजूक आहे. गोल्डियनची अंडी उबवायला बेंगालीजखाली ठेवायची जुनी पद्धत आहे, पण बेंगालीज स्वतः आजारी न दिसता आतड्यातले काही परजीवी बाळगतो. तो भरवतो आणि गोल्डियनची पिल्लं मरतात. असं वारंवार होत असेल तर बेंगालीजची विष्ठा तपासून घ्या, गोल्डियनला दोष देत बसू नका.

१८. आत्ता या क्षणी पक्षी फुगून बसलाय, डॉक्टर उद्या मिळतील. काय करू?

ऊब, दाणे, पाणी, शांतता, याच क्रमाने. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, तळाला कापड, खोक्याच्या अर्ध्या भागाखाली गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून. उरलेला अर्धा भाग गार, म्हणजे पक्षी आपली जागा निवडतो. दिवा वापरणार असाल तर जुना पिवळा तारेचा बल्ब लागतो, एलईडीने काही तापत नाही. आत थर्मामीटर ठेवा, ३० ते ३२ अंश. दाणे तळावर पसरा, उथळ झाकणात पाणी ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं की पक्षी तिथेच संपतो. बरा वाटला तरी एकदम बाहेर काढू नका, दोन-तीन दिवसांत ऊब कमी करत न्या.

१९. दुकानातून पिवळी पावडर आणली, पाण्यात टाकू का?

ती बहुधा अँटिबायोटिक असते. माइट, कॉक्सिडिया, यीस्ट, अडकलेलं अंडं, धूर यांपैकी कशावरच तिचा उपयोग नाही. शिवाय आजारी पक्षी पाणीच कमी पितो, आणि कडू पाणी निरोगीही पीत नाहीत. उन्हाळ्यात तर औषधापेक्षा तहानेनेच जातील. ‘प्रतिबंध म्हणून महिन्याला एकदा’ हा दुकानी सल्ला तर मुळीच ऐकू नका.

२०. नखं कापायला धरला आणि हातातच गेला.

पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. मुठीत छाती दाबली की श्वास बंद. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये सैल धरायची, पाठ तळव्यात, छाती मोकळी. पकडण्यापूर्वी दिवा घालवा, म्हणजे पाठलाग होत नाही. मिनिटभरात काम झालं नाही तर सोडा, उद्या करा. आधीच आजारी असलेला पक्षी एवढ्यानेही जातो, म्हणून धापा टाकणाऱ्याला आधी उबेत ठेवायचं.

२१. खोलीत मोकळे सोडले तर चालतील?

पंखा बंद, त्याच्या बटणावर चिकटपट्टी, आरशावर आणि काचेवर पडदा, बादलीवर झाकण. एवढं रोज लक्षात राहणार असेल तर सोडा. एरवी ९० सेंटीमीटर लांबीचा पिंजरा घ्या. फिंच आडवा उडतो. उंच, गोल, घुमटाचे पिंजरे दिसायला छान आणि त्याच्यासाठी निरुपयोगी.

२२. दोन दिवसांत चार गेले. बर्ड फ्लू असेल का?

आधी साधी कारणं तपासा: घरात रंग, फवारणी, तवा? नवीन दाण्याचं पोतं उघडलं? नवा पक्षी आला? पाण्यात उंदराची लेंडी? दाणे लगेच बदला, उरलेल्यांना वेगळं करा.

बर्ड फ्लूची शंका तेव्हा, जेव्हा परिसरात कोंबड्या किंवा कावळे मोठ्या संख्येने मरतायत किंवा तुमच्या पक्ष्यांचा त्यांच्याशी संबंध आला आहे. भारतात एच५एन१ची (बर्ड फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार) पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, त्यामुळे आपल्याकडे यंत्रणेला हा विषय नवा नाही. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, उकिरड्यावर टाकू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

२३. मेल्यानंतर कारण कळू शकतं का?

कळू शकतं, शव ताजं असेल तर. साबणाच्या थंड पाण्यात बुडवून पिसं पूर्ण ओली करा, म्हणजे शरीर लवकर गार होतं. दोन पिशव्यांत बंद करून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही. चोवीस तासांत पोचवा. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात फोन करून विचारा. सोबत दाण्याचा नमुना आणि तळाचा कागद न्या. एकच पक्षी असेल तर कुणी एवढी धावपळ करत नाही, पण मागे दहा असतील तर जरूर करा.

२४. नर गेला आणि पाच दिवसांनी मादीही. विरहाने मरतात का?

जोडी घट्ट असते आणि एकटा पक्षी अस्वस्थ होतो, कमी खातो, हे खरं. पण पाठोपाठ मृत्यू आला तर दोघांना एकच रोग, एकच खराब दाणा किंवा एकच माइट असण्याची शक्यता कितीतरी जास्त. दुसऱ्याच दिवशी नवा जोडीदार आणून सोडण्याची घाई म्हणूनच करू नका. उरलेल्याचं वजन आणि विष्ठा तपासा, दोन-तीन आठवडे बघा, मग प्र. ५ प्रमाणे नवा पक्षी वेगळा ठेवून आणा. तोवर दुसऱ्या फिंचचा आवाज मोबाइलवर हळू लावून ठेवलात तर त्याला बरं वाटतं. आरसा मात्र लावू नका, काही जण त्याच्यापुढेच बसून राहतात आणि खाणं विसरतात.

२५. गणपतीला चार दिवस गावी जायचंय. दाणापाणी भरून ठेवलं तर चालेल ना?

एक दिवस चालेल. चार दिवस नाही, कारण प्र. ७ मध्ये आहे. शेजाऱ्यांना किल्ली द्या आणि ‘बघून या’ एवढंच सांगू नका. दाण्यावर फुंकर कशी मारायची, पाण्याच्या नळीला बोट कसं लावायचं, पक्षी किती आहेत, हे दाखवून द्या. रोज एक फोटो पाठवायला सांगा, पक्षी मोजता येतील असा. पक्षी सोबत न्यायचे असतील तर छोट्या पिंजऱ्यात, तीन बाजू झाकून, पाण्याऐवजी काकडीची फोड ठेवून. सांडलेल्या पाण्यात भिजलेला फिंच एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्याने गारठतो. बंद गाडीत पाच मिनिटंही सोडून जाऊ नका. आणि गावच्या घरी पोचल्यावर पिंजरा टांगण्यापूर्वी आढ्याकडे बघा: मांजराला तिथून उतरता येतं का, धामण येते का, आणि चुलीचा धूर कुठल्या बाजूने जातो.